थोरल्याचे मौन, धाकट्याचा संवाद

दुपारी बाराचा सुमार. जाड दगडी भिंतींच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर बँकेची शाखा आहे. एक ज्येष्ठ नागरिक आपल्या नातीचे महाविद्यालयीन शुल्क मोबाइलवरून भरण्याच्या खटपटीत आहेत. शुल्क भरण्याचा आज अखेरचा दिवस. काउंटरवरील अधिकारी त्यांना साहाय्य करीत आहेत. खाते क्रमांक भरला, रक्कम भरली. आता केवळ सहा अंकी ओटीपी यावयाचा आहे. तो काही येत नाही. आजोबा उठून दारापर्यंत जातात, पायरीवर उभे राहतात. तेथे संदेश येतो खरा. पण परत आत येऊन अंक भरेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. समोरच्याच इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा भलामोठा टॉवर उभा आहे. आजोबा वैतागून म्हणतात, "साहेब, टॉवर नाकासमोर आणि रेंज नाही! या कंपन्यांनी थोडी पॉवर वाढवली तर त्यांचे काय बिघडते?"

प्रश्न साधा आहे आणि तो देशातील असंख्य ग्राहकांच्या मनात केव्हा ना केव्हा येऊन गेलेला असतो. बँकेच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा आहे. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरील कार्ड व्यवहारांसाठी अतिरिक्त पडताळणी बंधनकारक केली, एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयचा प्रारंभ झाला आणि ऑगस्ट २०२३ या एकाच महिन्यात यूपीआयवरील व्यवहारांची संख्या एक हजार कोटींच्या पुढे गेली. पैशाची देवघेव आता मोठ्या प्रमाणावर रेडिओ लहरींच्या भरवशावर चालते. त्यामुळे या लहरींचे व्यवस्थापन कसे होते, हे ग्राहकाने आणि कर्मचाऱ्यानेही जाणून घेणे उचित ठरेल. आजोबांच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, एकाने पॉवर वाढविली तर इतरांचे बरेच काही बिघडते. आणि अखेरीस त्याचे स्वतःचेही बिघडते.

एका टॉवरकडून अनेक सेलकडे

मोबाइल सेवेच्या आरंभीच्या काळात शहरात एकच उंच मनोरा आणि त्यावर एकच प्रबळ प्रक्षेपक असे. अमेरिकेत सेंट लुई येथे १९४६ साली अशी सेवा सुरू झाली. परंतु एक वाहिनी एका वेळी एकाच संभाषणाला देता येई आणि प्रक्षेपक प्रबळ असल्यामुळे तीच वाहिनी त्या परिसरात दुसऱ्या कोणालाही वापरता येत नसे. परिणामी १९७६ सालीदेखील न्यूयॉर्कसारख्या महानगरात केवळ १२ वाहिन्यांवर सुमारे साडेपाचशे ग्राहकांचीच सोय होती आणि प्रतीक्षायादी हजारोंच्या घरात गेली होती. टेलिफोनच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या आपल्याकडील पिढीला त्या यादीचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

या कोंडीवरचा उपाय बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मधील एका टिपणात मांडला होता. शहराचे षट्कोनी आकाराचे लहान लहान भाग करावयाचे, प्रत्येक भागात कमी शक्तीचा प्रक्षेपक ठेवावयाचा आणि पुरेशा अंतरावरील दुसऱ्या भागात तीच वारंवारता पुन्हा वापरावयाची. या भागांना 'सेल' म्हणतात आणि त्यावरूनच 'सेल्युलर' हा शब्द आला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या संपूर्ण व्यवस्थेचा पायाच मुळी शक्ती कमी ठेवण्यावर रचलेला आहे. लहर दूरवर पोहोचत नाही, म्हणूनच तीच वारंवारता पलीकडच्या वस्तीत पुन्हा उपयोगी पडते. भांडवल तेच, पण त्याची उलाढाल अनेक पटींनी वाढते.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले आणि या सेवेचा शुभारंभ झाला. त्या पिढीच्या जीएसएम तंत्रात शेजारच्या सेलला निरनिराळ्या वारंवारता वाटून देत. थ्रीजी आणि फोरजीमध्ये मात्र सर्वसाधारणपणे प्रत्येक सेल तीच वारंवारता वापरतो. त्याचे कारण आर्थिकही आहे. २०१० सालच्या थ्रीजी लिलावातून शासनाला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले; २०२२ सालच्या लिलावाचा आकडा दीड लाख कोटींच्या घरात गेला. इतक्या महागड्या वर्णपटाचा तीन-चतुर्थांश भाग एखाद्या वस्तीत पडून ठेवणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही. पण सारे शेजारी एकाच स्वरात बोलू लागले की एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात गोंगाट बनून शिरते. यालाच तंत्रज्ञ 'व्यत्यय' म्हणतात.

सारेच मोठ्याने बोलू लागले तर

लग्नाच्या मांडवात जेवणाच्या पंगती बसल्या आहेत असे समजा. एक जण शेजाऱ्याशी बोलताना आवाज थोडा चढवितो. त्यामुळे पलीकडच्या दोघांना एकमेकांचे ऐकू येईनासे होते आणि तेही आवाज चढवितात. पाच मिनिटांत सारा मांडव ओरडू लागतो. प्रत्येकाचा घसा दुखतो आणि ऐकू मात्र पूर्वीइतकेच, किंबहुना कमीच येते. रेडिओ लहरींचेही तसेच आहे. ग्राहकाला सेवा चांगली मिळते की नाही, हे केवळ त्याच्या लहरीच्या जोरावर अवलंबून नसते. ती लहर भोवतालच्या गोंगाटाच्या किती पट आहे, यावर ते ठरते.

या अडचणीचे उग्र रूप सीडीएमए तंत्रात दिसून आले. अमेरिकेतील क्वालकॉम कंपनीने १९८९ साली सॅन डिएगो येथे त्याचे प्रात्यक्षिक केले. आपल्याकडे २००२ च्या अखेरीस रिलायन्स इन्फोकॉमने त्याच तंत्रावर सेवा सुरू केली होती. या तंत्रात सर्व ग्राहक एकाच वेळी एकाच वारंवारतेवर बोलतात. टॉवरजवळ उभ्या असलेल्या ग्राहकाने पूर्ण शक्ती लावली तर कोसभर दूर असलेल्याचा क्षीण आवाज त्याखाली बुडून जातो. त्यावर तोडगा म्हणून टॉवर प्रत्येक हँडसेटला सेकंदाला ८०० वेळा 'थोडे वाढव' किंवा 'थोडे कमी कर' अशी आज्ञा देतो. पुढे थ्रीजीमध्ये हे प्रमाण सेकंदाला १,५०० वर गेले. जवळच्याने कुजबुजावे, दूरच्याने मोठ्याने बोलावे आणि टॉवरपाशी सर्वांचा आवाज सारखाच पोहोचावा, हा त्यामागील नियम होय.

यासाठी वरून हुकूम देणारी एखादी मध्यवर्ती यंत्रणाच हवी, असेही नाही. बेल प्रयोगशाळेतील जेरार्ड फॉस्चिनी आणि झोरान मिल्यानिक यांनी १९९३ साली एक सोपी रीत सिद्ध केली. प्रत्येक जोडणीने आपल्याला हवा तेवढा दर्जा आणि मिळत असलेला दर्जा यांची तुलना करावी. दर्जा गरजेच्या दुप्पट मिळत असेल तर शक्ती निम्मी करावी. निम्मा मिळत असेल तर दुप्पट करावी. सर्वांच्या गरजा एकत्र भागणे मुळात शक्य असेल, तर या रीतीने सारे जण आपोआप कमीत कमी शक्तीवर येऊन स्थिरावतात. शक्य नसेल, तर मात्र शक्ती वाढतच जाते. अशा वेळी नव्या मागणीला नकार देणे किंवा कोणाची तरी गरज कमी करणे एवढाच मार्ग उरतो. कर्जमंजुरीच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याला हे तत्त्व अपरिचित वाटणार नाही.

अर्थशास्त्राशी या विषयाचे नाते याहून जवळचे आहे. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे नारायण मंडयम, डेव्हिड गुडमन आणि त्यांचे सहकारी सेम सारायदार यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा प्रश्न खेळाच्या सिद्धांताने मांडला. खर्च झालेल्या बॅटरीच्या प्रत्येक एककामागे किती माहिती पोहोचली, हा त्यांनी प्रत्येक हँडसेटचा लाभ मानला. प्रत्येकाने केवळ स्वतःचा लाभ पाहिला तर सारे जण गरजेपेक्षा अधिक शक्तीवर जाऊन अडकतात आणि तेथून एकट्याने मागे फिरण्यात कोणाचेच हित नसते. मात्र वापरलेल्या शक्तीवर गणितात एक प्रकारची 'किंमत' आकारली की सर्वांची शक्ती खाली येते आणि सर्वांचाच लाभ वाढतो. दुसऱ्याला होणाऱ्या त्रासाचे मोल हिशेबात धरले की व्यवहार सुधारतो, हा वाणिज्य शाखेतील जुना धडा येथे लहरींच्या राज्यातही लागू पडला.

एकत्र कुटुंबातील लहान-मोठे

आजवरचा विचार साधारणतः सारख्या आकाराच्या सेलचा झाला. प्रत्यक्षात आजचे जाळे एकत्र कुटुंबासारखे आहे. गच्चीवरील मोठा 'मॅक्रो' सेल एका वाहक लहरीमागे साधारण २० ते ४० वॅट शक्तीने प्रक्षेपण करतो. रस्त्यावरील खांबावर किंवा रेल्वे स्थानकात बसविलेल्या 'पिको' सेलची शक्ती पाव ते एक-दोन वॅट असते. घरातील वा कार्यालयातील 'फेम्टो' सेल तर सुमारे एक-दशांश वॅटवर चालतो, म्हणजे नऊ वॅटच्या एलईडी दिव्याच्या नव्वदाव्या भागावर. गर्दीच्या ठिकाणी मोठ्या सेलवरील भार हलका करावा, या हेतूने हे धाकटे सेल थोरल्याच्याच छायेत बसविले जातात आणि पुष्कळदा दोघांची वारंवारताही एकच असते.

अडचण येथेच सुरू होते. ४० वॅटचा मॅक्रो आणि १ वॅटचा पिको एकमेकांपासून ७०० मीटर अंतरावर आहेत असे धरू. शहरात लहरीची शक्ती अंतराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात घटते असे मानले आणि अँटेनाची उंची, दिशा इत्यादी बाबी क्षणभर बाजूला ठेवल्या, तर पिकोपासून २०० मीटरच्या पुढे गेल्यावर हँडसेटला मॅक्रोचाच आवाज मोठा ऐकू येतो. आता एक ग्राहक पिकोपासून २५० मीटर आणि मॅक्रोपासून ४५० मीटर अंतरावर उभा आहे. मॅक्रोचा आवाज मोठा म्हणून त्याचा हँडसेट मॅक्रोशी जोडला जातो. पण हँडसेटची स्वतःची शक्ती मुळातच अल्प, फोरजीमध्ये सर्वसाधारणपणे कमाल एक-पंचमांश वॅट. दूरच्या मॅक्रोपर्यंत पोहोचण्यासाठी तो जी शक्ती लावतो, ती जवळच्या पिकोपाशी मॅक्रोच्या तुलनेत सुमारे दहापट जोराने आदळते. बिचाऱ्या पिकोला स्वतःच्या ग्राहकांचे बोलणे ऐकू येईनासे होते. थोडक्यात, ऐकण्यासाठी थोरला सोयीचा आणि बोलण्यासाठी धाकटा सोयीचा, अशा पट्ट्यात तो ग्राहक सापडलेला असतो.

थोरल्याचे मौन

यावरचा पहिला उपाय म्हणजे धाकट्याला झुकते माप देणे. मॅक्रोचा आवाज मोठा असला तरी अमुक मर्यादेपर्यंत पिकोलाच पसंती द्यावी, अशी सूचना जाळे हँडसेटला देते. त्यामुळे पिकोचे कार्यक्षेत्र विस्तारते, मॅक्रोवरील भार कमी होतो आणि हँडसेटलाही जवळच्याशी बोलावे लागत असल्याने कमी शक्ती पुरते. पण अशा सीमेवरील ग्राहकाची आता निराळी पंचाईत होते. तो जोडलेला असतो धाकट्याशी आणि कानावर आदळत असतो थोरल्याचा आवाज.

फोरजीची जागतिक मानके ठरविणाऱ्या 'थ्रीजीपीपी' या संघटनेने २०११ साली पूर्ण केलेल्या दहाव्या आवृत्तीत यावर एक मार्मिक तोडगा काढला. फोरजीमध्ये वेळेचे एक सहस्रांश सेकंदाचे तुकडे पाडलेले असतात. त्यांपैकी काही ठरावीक तुकड्यांत मॅक्रोने जवळजवळ मौन पाळावयाचे, केवळ अत्यावश्यक खुणेचे संकेत तेवढे पाठवावयाचे आणि ग्राहकांची माहिती पाठवावयाची नाही. या तुकड्यांना 'जवळपास रिकामे' तुकडे असेच नाव आहे. कोणत्या क्षणी मौन पाळले जाणार, याचे वेळापत्रक मॅक्रो आपल्या परिसरातील पिकोंना आधीच कळवितो. त्या निवांत क्षणी पिको आपल्या सीमेवरील ग्राहकांची माहिती पाठवून घेतो. मॅक्रो बोलत असतो तेव्हा अगदी जवळच्या ग्राहकांकडे लक्ष देतो.

यात थोरल्याचे नुकसान नाही काय? अवश्य आहे. दर आठ तुकड्यांपैकी दोन रिकामे ठेवले तर त्याचा पाव वेळ गेला. परंतु ताळेबंदाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. एका मॅक्रोच्या छायेत चार पिको असतील, तर त्या एकाच मौनाचा लाभ चौघांनाही एकाच वेळी मिळतो. शिवाय मॅक्रोवरचे पुष्कळसे ग्राहक पिकोकडे गेल्यामुळे त्याच्याजवळ उरलेल्यांच्या वाट्याला पूर्वीपेक्षा अधिक वेळ येऊ शकतो. अर्थात मौनाचे प्रमाण किती असावे, हे वस्तीनुसार ठरवावे लागते. पिकोवर गर्दी नसताना थोरला उगाच गप्प बसला, तर तो निव्वळ तोटाच होय.

मौनाला आणखी एक अट आहे. सर्वांची घड्याळे एकच वेळ दाखविणारी हवीत. त्यासाठी उपग्रहाकडून मिळणाऱ्या वेळेचा किंवा जाळ्यातूनच पाठविलेल्या अचूक वेळेचा उपयोग करतात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात सुरू झालेल्या फाइव्हजीमध्ये तर घड्याळाचे महत्त्व अधिकच आहे. त्यासाठीच्या ३,३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलणे आणि ऐकणे एकाच वारंवारतेवर आळीपाळीने चालते. एक टॉवर कान देऊन ऐकत असताना शेजारचा बोलू लागला, तर ऐकणाऱ्याचे काम ठप्प होईल. फाइव्हजीत अनेक लहान अँटेनांच्या समूहाने लहरींचा झोत ज्या त्या ग्राहकाकडेच वळविता येतो, त्यामुळे इतरांना होणारा त्रास कमी होतो. साधने बदलली, तरी गरजेपुरतेच आणि गरज असेल तेथेच बोलावे, हे सूत्र कायम राहिले आहे.

घरातला बूस्टर, शेजाऱ्याला उपद्रव

हे सूत्र न पाळल्याचे उदाहरण अनेक शहरांत पाहावयास मिळते. रेंज मिळत नाही म्हणून काही दुकानदार किंवा रहिवासी बाजारातून 'बूस्टर' विकत आणून गच्चीवर बसवितात. हे स्वस्त यंत्र ग्राहकाच्या लहरीसोबत भोवतालचा गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकते. टॉवरला सेकंदागणिक आज्ञा देऊन हँडसेटची शक्ती आवरता येते. या यंत्राला मात्र कोणाचाच लगाम नसतो. एका घरात रेंजच्या रेघा पूर्ण भरतात आणि आसपासच्या कितीतरी जणांची संभाषणे तुटू लागतात. त्यात एखाद्याचा रुग्णवाहिकेला केलेला फोनही असू शकतो. म्हणूनच परवानगीविना असे यंत्र बसविणे आपल्या देशात बेकायदेशीर आहे आणि दूरसंचार विभागाची यंत्रणा अशी ठिकाणे शोधून ती काढून टाकते.

याउलट कंपनीने बसविलेला फेम्टो सेल हा त्या कुटुंबाचा शहाणा सदस्य असतो. २००९ साली ब्रिटनमध्ये व्होडाफोनने घरगुती ग्राहकांसाठी असे सेल उपलब्ध करून दिले होते. असा सेल सुरू होताच प्रथम भोवतालच्या टॉवरचा आवाज ऐकतो आणि त्या मानाने आपली शक्ती ठरवितो. मात्र तो केवळ घरच्यांसाठीच राखून ठेवला, तर भिंतीपलीकडील शेजाऱ्याच्या मोबाइलला त्याचा व्यत्यय सोसावा लागतो आणि सेवा मात्र मिळत नाही. म्हणून शेजाऱ्यालाही काही अंशी सामावून घेणारी संमिश्र पद्धत पुढे आली.

भीती आणि वस्तुस्थिती

सोसायटीच्या सभेत टॉवरचा विषय निघाला की आरोग्याची चिंता व्यक्त होते. ती समजण्यासारखी आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्‌झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट इतकी होती. टॉवरविषयी नागरिकांना माहिती मिळावी यासाठी २०१७ साली 'तरंग संचार' हे संकेतस्थळही दूरसंचार विभागाने सुरू केले. गच्चीवरील टॉवरने मनास येईल तशी शक्ती वाढवू नये, यासाठी तांत्रिक कारणांच्या जोडीला कायद्याचाही लगाम आहे.

येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावयास हवा. वस्तीतील टॉवर दूर हलविला तर शरीराच्या अगदी निकट असलेला यंत्रभाग, म्हणजे कानाशी धरलेला हँडसेट, अधिक शक्तीने प्रक्षेपण करू लागतो. जवळ लहान सेल असेल तर तोच हँडसेट कुजबुजल्याप्रमाणे काम करतो आणि बॅटरीही अधिक काळ टिकते. रेंज कमी असलेल्या गावी मोबाइल लवकर उतरतो, हा अनेकांचा अनुभव यामुळेच आहे.

ग्राहकांनी काय करावे?

रेंज अपुरी असेल तर अनधिकृत बूस्टर न बसविता प्रथम मोबाइल कंपनीकडे तक्रार नोंदवावी. मोठ्या कार्यालयांनी इमारतीच्या अंतर्भागात लहान सेल किंवा अँटेना बसविण्याची अधिकृत मागणी करावी. घरी ब्रॉडबँड असल्यास हँडसेटमधील वाय-फाय कॉलिंगची सोय सुरू करावी. आपल्याकडे ती डिसेंबर २०१९ पासून उपलब्ध होऊ लागली. ओटीपी यावयाचा असेल तेव्हा खिडकीजवळ बसावे, व्यवहार अखेरच्या दिवसावर ढकलू नये आणि ओटीपी येत नाही म्हणून तो मिळवून देण्याची तयारी दाखविणाऱ्या कोणाही अनोळखी व्यक्तीच्या हाती मोबाइल देऊ नये.

त्या दगडी इमारतीतील आजोबांना आता उत्तर देता येईल. समोरच्या टॉवरने शक्ती वाढविली असती, तर त्या जाड भिंतींतून कदाचित थोडी अधिक लहर आत आली असती. पण रस्त्यापलीकडील शेकडो ग्राहकांचे बोलणे त्याखाली दबले गेले असते, त्यांच्या टॉवरनेही शक्ती वाढविली असती आणि काही काळाने आजोबा पुन्हा पायरीवरच उभे दिसले असते. त्यांना खरी गरज आहे ती शाखेच्या छताला बसविलेल्या, दिव्याहूनही कमी शक्तीच्या एका लहानशा सेलची. आणि त्या सेलचे बोलणे ऐकू यावे म्हणून क्षणभर गप्प बसणाऱ्या थोरल्या टॉवरची.